ताण्याचं सूत आणि उत्तरेचा उजेड

२०२४ सालची अक्षय्य तृतीया १० मे रोजी, शुक्रवारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांकडे गेले. आमरस उरला होता, म्हणून मामींनी मुद्दाम बोलावलं होतं. मामांचा सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागांचा छोटा कारखाना आहे, टॉवेल निघतात. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मोबाइलवर आभाळातलं काही नवल आलं की मामा ते माझ्यासाठी राखून ठेवतात. त्या दिवशी त्यांनी वाटीच्या आधी फोनच पुढे केला. लडाखमधल्या हानले गावच्या वेधशाळेवरचं रात्रीचं आभाळ, आणि त्यात उत्तरेच्या क्षितिजालगत गडद लाल पट्टा.

"हे खरं हाय का गं? का कुणी बनवून टाकलंय?"

"खरं आहे मामा. याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. सूर्याकडून मोठं वादळ आलंय. युरोप-अमेरिकेत तर तो नेहमीपेक्षा कितीतरी दक्षिणेपर्यंत दिसला."

मामेभाऊ तेव्हा दहावीत होता. त्यानं आंब्याची कोय चोखत चोखत सांगून टाकलं, "सूर्यावरनं कण येतात, पृथ्वीचं चुंबक त्यांना ध्रुवाकडं ओढतं, ते हवेवर आपटतात आणि उजेड पडतो."

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सूर्याकडनं येतात, तर रात्री कसं आपटतात? रात्री सूर्य तर पलीकडच्या अंगाला असतोय की."

या प्रश्नानं मला आनंद झाला, आणि थोडं अपराधीही वाटलं. कारण बरीच वर्षं मीही वर्गात मामेभावाचंच वाक्य सांगत आले होते. ते वाक्य खोटं नाही, पण त्यात मधला सगळा प्रवास गाळलेला आहे. ध्रुवीय प्रकाश दिवसाच्या बाजूलाही थोडाफार होतो, पण त्याचा सगळ्यात जोरकस भडका उडतो तो मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीनं सूर्याकडे पाठ केलेल्या बाजूला. सरळ येऊन आपटणाऱ्या कणांना हे जमायचं नाही.

हिशेबातही ते वाक्य बसत नाही. कणांची ऊर्जा मोजायचं माप इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सूर्याकडून वाऱ्यासारखे वाहत येणारे इलेक्ट्रॉन साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असतात. आणि आभाळात हिरवा पडदा उभा करणारे इलेक्ट्रॉन असतात १,००० ते १०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. म्हणजे वाटेत कुणीतरी त्यांना शेकडो पटींनी बळ दिलेलं आहे. कुणी दिलं? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग म्हणजे प्लाझ्मातल्या लाटा. मामांना मी ते कारखान्यात, मागासमोर उभं राहून सांगितलं. तिथे दाखवायला ताणलेलं सूत होतं.

आधी प्लाझ्मा म्हणजे काय ते. आपल्याकडे हा शब्द रक्तपेढीत ऐकायला मिळतो, पण तो प्लाझ्मा वेगळा. भौतिकशास्त्रातला प्लाझ्मा म्हणजे असा वायू, की ज्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले आहेत. मराठीत त्याला आयनद्रायू असाही शब्द आहे. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये, विजेच्या लोळात, सूर्यात, सगळीकडे प्लाझ्माच. साध्या हवेत आणि त्यात एक मोठा फरक आहे. हवेतले कण एकमेकांना धडकतात तेव्हाच त्यांना एकमेकांची खबर लागते. प्लाझ्मातले कण विद्युतभारित असल्यामुळे लांबूनही एकमेकांना ओढतात, ढकलतात, आणि चुंबकाच्या रेषांना धरून राहतात. सुटा इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत घेत रेषेच्या लांबीनं सहज धावतो. रेषा सोडून आडवं जाणं मात्र त्याला फार अवघड. दोऱ्यात ओवलेला मणी जसा दोऱ्यावर पुढे-मागे सरकतो पण दोरा सोडत नाही, तसंच. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

सूर्यावरून हा प्लाझ्मा सतत वाहत असतो, सेकंदाला सुमारे ३०० ते ८०० किलोमीटर वेगानं. तो अतिशय विरळ असतो, पृथ्वीजवळ येईपर्यंत एका घन सेंटीमीटरात पाचेक कण. त्याच्या वाटेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं येतं.

पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रात पुंडलिकाचं मंदिर आहे. नदीला पाणी वाढलं की त्या मंदिराशी काय होतं ते बघितलं असेल, तर पृथ्वीचं चुंबकावरण, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्रानं व्यापलेला टापू, डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. प्रवाहाच्या तोंडाच्या बाजूला पाणी दाबलं जातं, दोन्ही अंगांनी वळसा घेतं आणि मागे लांबलचक पट्टा सुटतो. तसंच सूर्याच्या बाजूला आपलं चुंबकावरण सुमारे ६४,००० किलोमीटरपर्यंत दाबलेलं असतं, आणि पाठीमागे त्याची शेपटी चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जाते. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या शेपटीत आहे. उजेडाची पेरणी सूर्यासमोर होत नाही, ती पाठीमागच्या शेपटीत होते.

पुंडलिकाच्या मंदिराला नसलेली एक गोष्ट पृथ्वीला आहे. सूर्याचा वारा आपल्याबरोबर सूर्याच्या चुंबकीय रेषाही घेऊन येतो. त्या रेषांची दिशा कधी उत्तरेकडे असते, कधी दक्षिणेकडे. दक्षिणेकडे असली, म्हणजे पृथ्वीच्या रेषांच्या नेमकी उलट, तर दोघींच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. या नव्या जोडलेल्या रेषांचं एक टोक पृथ्वीत रोवलेलं आणि दुसरं सूर्याच्या वाऱ्याबरोबर वाहत चाललेलं. वारा त्यांना ओढत मागे नेतो आणि शेपटीवर चढवत जातो. शेपटी ताणली जाते, आणखी ताणली जाते. बेचकीचं रबर मागे ओढावं तशी तिच्यात ऊर्जा साठत राहते, तासभर, कधी दोन तास.

मग एका क्षणी शेपटीच्या मधल्या भागात ताणलेल्या रेषा तुटतात आणि लगेच दुसऱ्या तऱ्हेनं जोडल्या जातात. "तुटलेला धागा आम्हाला हातानं गाठ मारून जोडावा लागतोय," मामा म्हणाले. इथे तुटणं आणि जुळणं एकाच वेळी होतं. जुळलेली नवी रेषा आखूड असते, म्हणून ती रबरासारखी पृथ्वीकडे झटक्यानं आकसते.

शेपटीतल्या रेषा आधी तुटतात की पृथ्वीजवळचा भडका आधी उडतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद बरीच वर्षं चालला. तो मिटवायला नासानं २००७ च्या फेब्रुवारीत थेमिस नावाच्या मोहिमेतून एकदम पाच उपग्रह सोडले आणि ठरावीक दिवशी ते शेपटीत एका रांगेत येतील अशा कक्षा त्यांना दिल्या. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ते रांगेत असतानाच घटना घडली. चंद्राच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशावर रेषा तुटल्या-जुळल्याची खूण मिळाली आणि त्यानंतर दीडेक मिनिटानं उत्तर अमेरिकेच्या आभाळातला उजेड भडकला. अंतर सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास, आणि वेळ मिनिट-दीड मिनिट. हा निरोप इतक्या वेगानं कुणी पोचवला?

मी मागाजवळ गेले. बीमवरून ताण्याची शेकडो सुतं पुढे आलेली, सगळी सारखी ताणलेली. माग बंद होता. मी मामांना विचारून एका सुताला बोटानं हलकेच टिचकी मारली. थरथर सुताच्या लांबीनं पलीकडे निघून गेली.

चुंबकीय रेषाही अशाच वागतात. त्यांच्यात ताण असतो. आणि प्लाझ्मातले कण त्यांना मण्यांसारखे धरून असल्यामुळे त्यांना वजनही असतं. ताण आणि वजन दोन्ही असलेल्या कोणत्याही सुतात थरथर पळवता येते. प्लाझ्मात अशी लाट असायलाच हवी, असं स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये गणितानं दाखवलं. त्यांच्याच नावानं तिला आल्फवेन लाट म्हणतात. पुढे १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना प्लाझ्मावरच्या या मूलभूत कामासाठी मिळालं.

या लाटेचा वेग कशावर ठरतो ते मामांना सांगावं लागलं नाही. सूत जितकं ताठ आणि जितकं हलकं, तितकी थरथर वेगानं पळते. जड, सैल दोरीत ती आळसावते. शेपटीत चुंबकीय क्षेत्र दुबळं असतं, तिथे लाट सेकंदाला हजारेक किलोमीटर जाते. पृथ्वीजवळ येईल तसतशा रेषा दाटतात, ताण वाढतो, आणि जमिनीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर तर प्लाझ्माही अतिशय विरळ असतो. तिथे लाटेचा वेग सेकंदाला कित्येक दहा हजार किलोमीटर होतो. शेपटीतला झटका पृथ्वीपर्यंत पोचायला मिनिट-दीड मिनिट पुरतं ते यामुळे.

म्हणजे कण तिथून इथे धावत येऊन आपटले असं होत नाही. आधी सुताची थरथर येते. ती ऊर्जा घेऊन येते, आणि पृथ्वीजवळच आधीपासून असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या हातात ती ठेवते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते, आणि पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत नेमकी हीच गळून पडते.

आता लाट इलेक्ट्रॉनाला बळ देते कशी? साधी आल्फवेन लाट रेषेला आडवी हलवते, आणि इलेक्ट्रॉन तर रेषेच्या लांबीनंच धावू शकतो. आडव्या हलवण्याचा त्याला उपयोग नाही. पण लाट पृथ्वीकडे येताना रेषा एकवटत जातात, आणि लाटेचे पट्टेही अरुंद होत जातात, कधी आडवे किलोमीटरभरच. लाटेबरोबर विजेचा प्रवाहही रेषेच्या लांबीनं वाहत असतो, आणि तो वाहून न्यायला इलेक्ट्रॉन लागतात. पट्टा अरुंद झाला, त्यात इलेक्ट्रॉनांचा दुष्काळ असला, तर थोड्याच इलेक्ट्रॉनांनी सगळा प्रवाह कसा न्यायचा? जास्त वेगानं धावूनच. त्यांना तसं धावायला लावण्यासाठी रेषेच्या लांबीनं विद्युतक्षेत्र तयार होतं. आता लाटेजवळ इलेक्ट्रॉनाला पुढे ढकलायचा हात आला.

ढकललं मात्र सगळ्यांना सारखं जात नाही. इथे मामांनी स्वतःच उदाहरण दिलं. त्यांच्या तरुणपणी ते चालती बस पकडायचे. स्टँडातून बस निघाली आहे आणि माणूस जागेवर उभा आहे, तर बस पुढून निघून जाते. कुणी मोटारसायकलवर असेल तर तो बसला मागे टाकतो. दांडा हातात येतो तो फक्त बसच्या जवळपास वेगानं पळणाऱ्याच्या. तो लटकला की बस त्याला आपल्या वेगावर आणते, आणि तेवढी ताकद बसच्या इंजिनातून जाते. लाट आणि इलेक्ट्रॉन यांचं नेमकं असंच आहे. ज्या इलेक्ट्रॉनांचा वेग लाटेच्या वेगाच्या थोडा खाली असतो, त्यांना लाट ओढून पुढे नेते. त्यांची ऊर्जा वाढते, लाटेची कमी होते. लाट अशी ऊर्जा देत देत विरते, हे रशियाच्या लेव्ह लान्दाऊ यांनी १९४६ मध्ये गणितानं मांडलं होतं. मी मामांना एवढंच बजावलं की पोरांना ही बसची गोष्ट सांगताना पकडायला जाऊ नका असंही सांगा.

ध्रुवीय प्रकाशात हे खरोखर घडतं का, हे तपासणं फार कठीण होतं. रॉकेट किंवा उपग्रह त्या पट्ट्यातून काही सेकंदांत आरपार निघून जातो. लाट आणि तिच्यावर स्वार होणारे इलेक्ट्रॉन दोन्ही एकदम नीट मोजायला वेळच मिळत नाही. म्हणून अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुमारे २० मीटर लांब प्लाझ्मा यंत्रात चुंबकीय रेषा ताणून, प्लाझ्मा भरून, तशीच लाट सोडण्यात आली. २०२१ मध्ये तिथला निकाल प्रसिद्ध झाला. लाटेच्या वेगाशी जुळणारे मोजकेच इलेक्ट्रॉन तिच्याकडून ऊर्जा घेत होते, आणि ती देवाणघेवाण गणिताशी जुळत होती. कितीतरी वर्षं फक्त कागदावर असलेली गोष्ट त्या नळीत पहिल्यांदा मोजली गेली.

एक खुलासा करायलाच हवा. सगळा ध्रुवीय प्रकाश या एकाच रीतीनं होत नाही. शांत, रुंद, बराच वेळ टिकणाऱ्या कमानींच्या वर काही हजार किलोमीटर उंचीवर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतदाब तयार होतो आणि तो इलेक्ट्रॉनांना खाली ढकलतो, हे उपग्रहांनी अनेकदा पाहिलं आहे. आल्फवेन लाटांचा हात जास्त दिसतो तो भडका उडतो तेव्हाच्या नाचऱ्या, अरुंद, भराभर बदलणाऱ्या पडद्यांत.

वरून निघालेले इलेक्ट्रॉन सेकंदाला वीस ते साठ हजार किलोमीटर वेगानं खाली येतात आणि हवेतल्या अणूंना धडकतात. धडक खाल्लेला अणू ऊर्जा साठवतो आणि मग ती उजेडाच्या रूपानं सोडून देतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा हिरवा-लाल रंग धातूंच्या क्षारांमुळे येतो, आणि तिथे जळतंही काहीतरी. ध्रुवाकडे काहीच जळत नाही, सगळा कारभार ट्यूबलाइटसारखा. हिरवा रंग ऑक्सिजनच्या सुट्या अणूचा, ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा. लाल रंगही ऑक्सिजनचाच, ६३०.० नॅनोमीटर, पण २०० किलोमीटरच्या वरचा. आता हे का? हिरवा उजेड सोडायला अणूला पाऊण सेकंद पुरतो, लाल सोडायला मात्र शंभर सेकंदांहून जास्त वेळ लागतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसरा कुणीतरी येऊन धडकतो आणि साठवलेली ऊर्जा हिसकावून नेतो. लाल उजेड सोडण्याइतकी उसंत फक्त वरच्या विरळ हवेत मिळते. निळा-जांभळा रंग नायट्रोजनचा.

लडाखचा पट्टा लालच का होता, ते आता सांगता येतं. उजेड हानलेच्या डोक्यावर नव्हता. तो उत्तरेला फार लांब होता. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबचा खालचा हिरवा भाग क्षितिजाआड गेला, आणि उंचावरचा लाल भाग तेवढा वर डोकावत राहिला.

आता दुसऱ्या जातीची लाट. हिच्याविषयी बोलताना मी नेहमीच जरा रमते.

उत्तरेकडे पहाटेच्या सुमाराला एक वेगळाच प्रकाश दिसतो. त्यात पडदे नसतात, फिकट ठिगळं असतात, आणि ती काही काही सेकंदांनी उजळतात, विझतात, पुन्हा उजळतात. आभाळ श्वास घेतंय असं वाटावं. याला स्पंदणारा ध्रुवीय प्रकाश म्हणू. त्याच्यामागची लाट पहिल्यांदा डोळ्यांना दिसली नाही, ती कानांना ऐकू आली. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे हाइनरिख बार्कहाउझेन शत्रूच्या टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकायच्या यंत्रणेवर काम करत होते. बोलण्याऐवजी कधी कधी वरच्या पट्टीतून खाली उतरणारी शीळ ऐकू यायची. १९१९ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. ती शीळ विजेच्या कडकडाटाची होती, हे केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये उलगडलं. वीज चमकली की तिच्या रेडिओ लाटांचा काही भाग चुंबकीय रेषेवरून हजारो किलोमीटर वर जातो आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतो. प्लाझ्मातून जाताना वरचे स्वर आधी पोचतात, खालचे मागे राहतात, म्हणून शीळ.

त्याच यंत्रणांवर आणखी एक आवाज येई. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठी झाडांत पाखरं एकदम बोलायला लागतात, तसा चिवचिवाट. प्रत्येक चिवचिव सेकंदाहूनही छोटी, खालून वर चढणारी. इंग्रजीत तिला पहाटेच्या पाखरांच्याच समूहगानाचं नाव पडलं आहे. ही हवेतली ध्वनिलाट नव्हे, विद्युतचुंबकीय लाट. पण तिची कंपनं शेकडो ते काही हजार प्रतिसेकंद, म्हणजे आपल्या कानांच्याच टप्प्यातली. तिला स्पीकरवर चढवली की जशीच्या तशी ऐकू येते. वर्गात ती ऐकवली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

ही चिवचिव करते काय? त्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. रेषेवरून धावणारा इलेक्ट्रॉन ध्रुवाजवळ आला की रेषा दाटतात, चुंबकीय क्षेत्र वाढतं. मग त्याची सगळी ताकद गिरक्या घेण्यात जाते, पुढे जाणं थांबतं आणि तो मागे फिरतो. तिकडे दक्षिणेतही तेच. असा तो दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत अडकून राहतो. ज्याची गिरकी बारीक आणि धाव सरळ, तोच खाली हवेत उतरू शकतो.

ज्वारी चाळताना चाळणी स्थिर धरली, तर बरेच बारीक कणही वरच अडकून बसतात. चाळणी हलवली की ते भोकांशी येतात आणि गळतात. चिवचिव लाट ही चाळणी हलवते. लाटेचं विद्युतक्षेत्र गोल फिरत असतं. समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनाची गिरकी त्याच्याशी जुळली, की झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा धक्का लागतो, आणि इलेक्ट्रॉनाच्या धावेचा कोन बदलतो. काहींचा कोन इतका बदलतो की ते सरळ खाली सुटतात. लाट आली की ठिगळ उजळलं, लाट थांबली की विझलं. पडद्यांची नजाकत या फिकट प्रकाशाला नाही, म्हणून फोटो काढणारे त्याच्याकडे फारसं बघत नाहीत. पण लाटांनी चाळून खाली उतरवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या या विखुरलेल्या उजेडातूनच ध्रुवीय प्रकाशाची बहुतेक ऊर्जा हवेत येते.

जपाननं डिसेंबर २०१६ मध्ये अरासे नावाचा उपग्रह अशा लाटा आणि इलेक्ट्रॉन यांच्या अभ्यासासाठी सोडला. २०१७ च्या मार्चमध्ये तो विषुववृत्ताच्या वर रेषेवर होता आणि त्याच रेषेच्या पायथ्याशी कॅनडात जमिनीवरचा कॅमेरा आभाळ टिपत होता. वर लाटेची चिवचिव, त्याच क्षणी खाली सुटणारे इलेक्ट्रॉन, आणि आभाळात त्याच ठेक्यावर उजळणारं ठिगळ, तिन्ही एकत्र सापडले. रेषेच्या दोन टोकांना एकदम हात लावता आला.

"ते सगळं खरं," मामा म्हणाले, "पण आपल्या सोलापुरात कधी दिसंल का?"

ध्रुवीय प्रकाशाचं नेहमीचं कडं चुंबकीय ध्रुवाभोवती, ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांच्या आसपास असतं. सोलापूरचा चुंबकीय अक्षांश १० च्या आतच भरतो. कड्याखालच्या गावातून निघालेली चुंबकीय रेषा दूर अवकाशात, शेपटीपर्यंत जाते. सोलापुरातून निघालेली रेषा जेमतेम दीड-दोनशे किलोमीटर वर चढते आणि खाली हिंदी महासागरात उतरते. शेपटीशी आपला धागा जोडलेलाच नाही.

तरी एकदा महाराष्ट्राच्या आभाळात तो उजेड आला होता. ४ फेब्रुवारी १८७२, रविवारची रात्र. त्या रात्रीच्या चुंबकीय वादळात मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. तारखात्याच्या तारांवरही त्या रात्री गडबड उडाली होती. त्याआधी, १८५९ च्या सप्टेंबरात आलेलं सगळ्यात गाजलेलं वादळ तर मुंबईतच कुलाब्याच्या वेधशाळेत मोजलं गेलं. तिथल्या उपकरणात पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं खाली घसरलं (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक माप). जगभरचे संशोधक आजही त्या वादळाचा हिशेब मांडताना कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे वळतात. मामांना हे ऐकून फार बरं वाटलं, आणि मलाही सांगताना वाटतं.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या प्रवाहामुळे नाजूक चुंबकमापनात खोट येणार म्हणून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली. ती अजून चालू आहे. आज तिचं काम भारतीय भूचुंबकत्व संस्था बघते. आता पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेनं आपलं आदित्य-एल१ यानही जानेवारी २०२४ पासून बसलेलं आहे आणि समोरून येणारा वारा मोजतं आहे. तिथून वारा इथे पोचायला साधारण तासभर लागतो.

अलिबागच्या चुंबकमापकावर रात्री कधी कधी एक छोटी थरथर उमटते. मिनिटाभराचा एक हेलकावा, तसे चार-सहा हेलकावे, आणि मग शांत. उंची नॅनोटेस्ला-दोन नॅनोटेस्लाची. आपल्याकडचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे, तेव्हा होकायंत्राची सुई काही हलायची नाही. पण ही थरथर ठराविक वेळीच येते. शेपटीत रेषा तुटून जुळल्या, उत्तरेत पडदा भडकला, की त्याच मिनिटांत. झटक्याची लाट सगळ्या चुंबकावरणातून पसरते आणि तिचा अगदी क्षीण धक्का विषुववृत्ताजवळच्या रेषांपर्यंत येतो. अलिबागला येतो म्हणजे सोलापूरलाही येतोच.

हे सांगून होईतो रात्रपाळीची माणसं आली होती. मामांनी मागाचं बटण दाबण्याआधी ताण्यावर आडवा तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग माग सुरू झाला, आणि त्या खडखडाटात पुढचं काही बोलता आलं नाही.